नाका उभा राहायच्या आधी कागद बघा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या बातम्या तुमच्या पेपरात रोज येतात, आज हे पुढारी म्हणतात मोजणी होऊ देणार नाही, उद्या ते मंत्री म्हणतात महामार्ग होणारच, आणि हे वाचताना टोलच्या आंदोलनात उन्हात उभारलेल्या माझ्यासारख्या माणसाला सारखं एकच वाटत राहतं, की आपण कोल्हापूरकर भांडायला एक नंबर, पण आपलं भांडण सुरू कधी होतं, तर सगळ्या सह्या झाल्या, शिक्के बसले, जेसीबी बांधावर आला की मग. त्याच्या आधीची चार-पाच वर्षं कागद कुठल्या टेबलवरनं कुठल्या टेबलवर गेला ह्याचा कुणालाच पत्ता नसतो. त्यावरच लिहायचंय. पत्र लांबलंय, कात्री लावायची असेल तर लावा पण मधला भाग ठेवा.

आज जी पोरं बुलेट घेऊन रंकाळ्यावर फिरतात त्यातली निम्मी टोलच्या वेळी शाळेत होती, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. शहरातले साधारण ४९ किलोमीटरचे रस्ते करायचे, खर्च २२० कोटी, महापालिकेकडं पैसे नाहीत म्हणून बीओटी, म्हणजे कंपनीनं स्वतःचा पैसा घालायचा, रस्ते बांधायचे, ३० वर्षं टोल गोळा करायचा आणि मग रस्ते परत द्यायचे. करार तिघांचा, महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि कंपनी. वर टेंबलाईवाडीची ३० हजार चौरस मीटरची मोक्याची जागा ९९ वर्षांच्या लीजवर. आणि टोलनाके नऊ, शिरोली, उचगाव, शाहू नाका, कळंबा, फुलेवाडी असं सगळं शहर गोल करून अडवलेलं. हायवेला टोल भरणं वेगळं, पण हितं फुलेवाडीच्या पलीकडच्या माणसाला पोराला दवाखान्यात आणायचं तरी नाका, भाजीवाल्याचा टेम्पो मार्केट यार्डात यायचा तरी नाका, उचगावातनं राजारामपुरीत दुकान उघडायला यायचं तरी नाका. स्वतःच्या गावात शिरायला पैसे मोजायचे ही कल्पनाच डोक्यात जाणारी होती आणि ती गेली.

रस्ते कसे झाले हा दुसरा विषय. काही रस्ते चांगले झाले, मी नाकारत नाही, आजही त्यातल्या काही रस्त्यांवर गाडी बरी पळते. पण कुठं गटार अर्धी, कुठं फुटपाथच नाही, आणि रस्त्याखालच्या पाण्याच्या, ड्रेनेजच्या लाइनी आधी बाजूला घ्यायच्या त्या बऱ्याच ठिकाणी तशाच राहिल्या, म्हणजे पाइप फुटला की नवाकोरा रस्ता फोडायचा. ज्याला युटिलिटी शिफ्टिंग म्हणतात तो शब्द तेव्हा कोल्हापुरात पानपट्टीवर ऐकू यायचा, एवढं लोकांना पाठ झालं होतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सर्वपक्षीय कृती समिती, एन. डी. पाटील सर त्या वयात मोर्चाच्या पुढं, गोविंद पानसरे अण्णा, मोर्चे, बंद, टोल देणार नाही म्हणून गाड्यांवर स्टिकर. ऑक्टोबर २०१३ मध्ये पोलीस बंदोबस्तात वसुली सुरू झाली, जानेवारी २०१४ मध्ये लोकांनी नाके पेटवले, त्याच वर्षी हायकोर्टाची स्थगिती आली, मग मामला सुप्रीम कोर्टात गेला आणि वसुली परत चालू झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरे अण्णांवर गोळ्या झाडल्या, अण्णा गेले. त्याच वर्षी डिसेंबरात हिवाळी अधिवेशनात टोल कायमचा रद्द झाल्याची घोषणा झाली, गुलाल उधळला, पेढे वाटले. एन. डी. सरही २०२२ च्या जानेवारीत गेले. ह्या माणसांनी जे केलं त्याला तोड नाही.

पण आता जरा कडू बोलतो. टोल गेला म्हणजे बिल गेलं नाही. कंपनीला सरकारनं भरपाई द्यायचं ठरवलं आणि तो आकडा चारशे कोटींच्या वर गेला. प्रकल्प २२० कोटींचा होता हे लक्षात घ्या. मधली वर्षं, व्याज, थांबलेली वसुली, मूल्यांकनाची भांडणं हे सगळं त्यात चढत गेलं. नाक्यावर सुट्टे पैसे द्यायचे वाचले, तेच पैसे तिजोरीतनं गेले, आणि तिजोरी काय नागपूरकरांची एकट्याची नाही, त्यात आपलाही जीएसटी आणि पेट्रोलवरचा टॅक्स जातो. मी आंदोलनाला नावं ठेवत नाही, आंदोलन नसतं तर ३० वर्षं भरत बसलो असतो. मला एवढंच विचारायचंय की तो करार सहीला आला तेव्हा किती कोल्हापूरकरांनी वाचला होता? नाक्याची शेड उभारायला लागली तेव्हा आपण जागे झालो. त्याच्या आधी सभागृहात विषय आला असेल, प्रस्ताव फिरला असेल, ट्रॅफिकचा सर्व्हे झाला असेल, तेव्हा गॅलरीत बसायला एकसुद्धा तालीम मंडळ गेलं नाही. फुटबॉलला शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते, आणि महापालिकेच्या जनरल बॉडीच्या गॅलरीत माणसं बोटावर मोजण्याएवढी.

करारात काय बघायचं असतं हेही जाड भाषेत सांगतो, कारण आपल्याकडं समज असा की टोल म्हणजे रस्त्याचा खर्च वसूल झाला की बंद. तसं कुठं लिहिलेलं असतं का ते बघावं लागतं. दिल्ली-नोएडाच्या डीएनडी उड्डाणपुलाचं बघा. १९९७ चा करार, २००१ मध्ये पूल सुरू, लांबी नऊ किलोमीटरच्या आसपास. कंपनीला प्रकल्पाच्या खर्चावर वर्षाला २० टक्के परतावा मिळेपर्यंत टोल, असं सूत्र, आणि ज्या वर्षी परतावा कमी पडेल ती तूट परत खर्चातच मिळवायची. झालं, खर्चाचा आकडा कमी व्हायच्या ऐवजी दर वर्षी फुगत गेला, म्हणजे टोल कधी संपणारच नाही असं गणित कागदावरच बांधलेलं होतं. तिथल्या रहिवासी संघटनांच्या फेडरेशननं २०१२ मध्ये जनहित याचिका टाकली, अलाहाबाद हायकोर्टानं ऑक्टोबर २०१६ मध्ये टोल बंद केला आणि सुप्रीम कोर्टानं २० डिसेंबर २०२४ ला त्यावर शिक्का मारला. कोर्टानं हेही म्हटलं की स्पर्धा न घेताच काम दिलं होतं आणि खर्च नफ्यासकट कधीच वसूल झालाय. तिथं नाका जाळायची वेळ आली नाही, सोसायटीतल्या लोकांनी कॅल्क्युलेटर घेऊन बसून ते सूत्र पकडलं. पंधरा वर्षं टोल भरून झाल्यावर पकडलं हे खरं, पण पकडलं.

मग आपण काय बघायचं? खर्चाची व्याख्या काय, त्यात व्याज आणि सल्लागाराची फी किती, गाड्यांची मोजणी कुणी केली, कंपनीच्या माणसानं का तिसऱ्यानं, ट्रॅफिक अंदाजापेक्षा वाढलं तर मुदत कमी होणार का, आणि मधेच करार मोडला तर कुणी कुणाला किती द्यायचे. हे शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कुणी वाचत नाही. आपले चारशे कोटी त्याच वाटेनं गेले. आणि जमिनीचा तुकडा जोडीला दिलाय का ते तर आधी बघायचं, कारण रस्ता सगळ्यांना दिसतो, लीज कुणाला दिसत नाही.

आता हायवेचं. पुणे-बेंगळूरू हायवेवर किणीला टोल, पुढं कोगनोळीला टोल, आणि मध्ये सातारा ते कागल सहापदरीचं काम चाललंय, डायव्हर्जन, खड्डे, धूळ, रात्री कुठनं वळायचं कळत नाही. तरी टोल चालूच. ऑगस्ट २०२४ मध्ये ह्याच्यावर आंदोलन झालं, थोडे दिवस गाजलं आणि मग गणपती आले. केरळात पाळियेक्कराच्या नाक्याचं प्रकरण त्याच्या पुढच्या वर्षी गाजलं, रस्त्याची अवस्था आणि ट्रॅफिक जाम बघून हायकोर्टानं ऑगस्ट २०२५ मध्ये टोलच काही काळ थांबवला, महामार्ग प्राधिकरण सुप्रीम कोर्टात गेलं तर तिथंही हात हलवत परत आलं. म्हणजे रस्ता धड नसताना टोल घेता येतो का हा प्रश्न कोर्टात टिकतो. आपल्याकडं हा प्रश्न व्हॉट्सअॅपवर टिकतो. हो, किणीच्या आसपास, म्हणजे नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या खासगी गाडीवाल्याला सवलतीचा महिन्याचा पास असतो हे तरी किती जणांना माहीत आहे? वर्षाचा तीन हजारांचा पास ऑगस्ट २०२५ पासून आला, त्याची जाहिरात झाली, पण जवळच्या गावांच्या पासाची कोण करणार जाहिरात.

आता ज्यासाठी लिहायला बसलो तो विषय, जमिनीचा. टोलमध्ये खिसा जातो, भूसंपादनात तर पायाखालचंच जातं. शक्तिपीठ महामार्ग पहिल्या आखणीत वर्ध्याजवळच्या पवनारपासनं गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे, आणि आपल्याकडं शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल, भुदरगड, आजरा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिली अधिसूचना, मग लोकसभेला फटका बसला म्हणा किंवा काय म्हणा, विधानसभेच्या तोंडावर ऑक्टोबर २०२४ मध्ये कोल्हापूरपुरती ती रद्द, आणि निवडणूक झाल्यावर जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळात परत मंजुरी. आमच्या एका पै-पाहुण्याची शेती ह्या पट्ट्यात आहे, त्यांना विचारलं की तुमचा गट आहे का नाही, तर म्हणाले, पेपरात आहे, चावडीत नाही. ह्यावर हसावं का रडावं. ज्याची जमीन जाणार त्याला बातमी वाचून कळतंय.

आणि कायदा कुठला लागतो ह्याच्यावर सगळा खेळ आहे, हे नीट समजून घ्या. २०१३ चा भूसंपादन कायदा आला तेव्हा सगळे म्हणाले, आता शेतकऱ्याला विचारल्याशिवाय काही होत नाही. त्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे, त्यात ग्रामसभेशी बोलायचं आहे, सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पाला ७० टक्के आणि खासगी कंपनीच्या प्रकल्पाला ८० टक्के बाधितांची संमती लागते. चांगला कायदा. पण त्यातच मागच्या बाजूला एक दार ठेवलेलं आहे, काही कायद्यांखाली जमीन घेतली तर भरपाईचं गणित नव्या कायद्याचं, पण संमती आणि परिणामांचा अभ्यास लागू नाही. राष्ट्रीय महामार्गाचा १९५६ चा कायदा त्यात आहे. आणि २०१८ मध्ये आपल्या राज्यानं दुरुस्ती करून महाराष्ट्र महामार्ग कायदा, एमआयडीसीचा कायदा, नगररचनेचा एमआरटीपी आणि म्हाडाचा कायदा हे चार त्यात घालून टाकले. तेव्हा कुठं मोर्चा निघाला होता? मला तरी आठवत नाही. त्या दिवशी शेतकऱ्याचा नाही म्हणायचा हक्क गेला आणि आपण तेव्हा दुसऱ्याच कुठल्या तरी विषयावर पुतळे जाळत होतो.

त्यामुळं आता ग्रामसभेनं ठराव केला तरी तो कायद्यानं बंधनकारक नाही. आपला जिल्हा काय पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, येत नाही. ठराव करू नका असं नाही म्हणत, जरूर करा, राजकीय वजन पडतं, पुढाऱ्याला घाम फुटतो. पण ठराव करून घरी झोपू नका, कारण मुदत हरकतीची असते आणि ती चालू असते. राष्ट्रीय महामार्गाचं उदाहरण देतो, गावाकडं लोक थ्री-ए, थ्री-डी म्हणतात ती त्या १९५६ च्या कायद्यातली कलमं. थ्री-ए ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा सांगणारी, अधिसूचना निघाली की २१ दिवसांत लेखी हरकत. २१ दिवस म्हणजे काय, एक लग्न आणि एक जत्रा आली की संपले. हरकत दिली की सुनावणी घ्यावीच लागते, स्वतः बोलता येतं, वकील नेता येतो. मग थ्री-डी निघाली की त्या दिवशी जमीन सरकारची झाली, सातबारावर अजून तुमचं नाव दिसत असलं तरी. थ्री-ए पासनं वर्षाच्या आत थ्री-डी निघाली नाही तर आधीची अधिसूचना बाद होते, ही तारीख वहीत लिहून ठेवायची. मग निवाडा, आणि पैसे कमी वाटले तर लवाद.

हरकत कशी लिहायची, तर आमचा विरोध आहे एवढं लिहून भागत नाही, अशा हरकती एका ओळीत फेटाळतात. गट नंबर, क्षेत्र, विहीर, बोअर, झाडं, आणि आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाची म्हणजे पाइपलाइन. कोल्हापूर जिल्ह्यात नदीवरनं पाणी उचलणाऱ्या पाणीपुरवठा संस्था गावोगाव आहेत, एकेका संस्थेवर दोन-तीन गावांचा ऊस. हायवे ती मेन लाइन आडवी तोडून जातो, जमीन दोन गुंठे जाते आणि पाणी शंभर एकरांचं थांबतं. मोबदला मिळणार दोन गुंठेवाल्याला, पलीकडच्यांनी काय करायचं? जमिनीचे दोन तुकडे पडले तर त्याचं नुकसान, राहिलेल्या जमिनीला बसणारा फटका, हे भरपाईत धरायचं असं महामार्ग कायद्यातच आहे, पण मागितल्याशिवाय कोण देतो. संयुक्त मोजणीच्या दिवशी शेतात स्वतः उभं राहायचं, पंचनाम्यात विहीर लिहिली का, लाइन लिहिली का बघायचं, कोऱ्या कागदावर सही करायची नाही. ऊसतोडीच्या घाईत मोजणीला जायला जमलं नाही म्हणणारे पुढं दहा वर्षं प्रांत ऑफिसच्या पायऱ्या झिजवतात.

भरपाईचं पण तसंच. चोकाक ते अंकली पट्ट्यात रत्नागिरी-नागपूर हायवेच्या कामात शेतकरी चौपट मोबदल्यासाठी इतके दिवस का लढले? कारण २०२१ मध्ये राज्यानं महामार्गांसाठी ग्रामीण भागाचा गुणांक, म्हणजे मोबदला काढताना बाजारभावाला लावायचा आकडा, दोनवरनं एकवर आणला. म्हणजे आधी ज्यांची जमीन गेली त्यांना बाजारभावाच्या चौपट, नंतर गेली त्यांना दुप्पट, रस्ता तोच, माती तीच. गुणांक हा शब्द शाळेत ऐकलेला, पण एका कागदावर दोनाचा एक झाला आणि मोबदला थेट निम्म्यावर आला. समृद्धीला थेट खरेदीत पाचपट दिले हे सगळे सांगतात, खरं आहे, पण थेट खरेदीत खरेदीखत झालं की वाढीव मागायचा रस्ता जवळपास बंद होतो हे सांगणारा एजंट मला अजून भेटायचाय. सही करू नका असं नाही म्हणत, ज्याला पैशाची नड आहे त्यानं करावी, पण कशावर करतोय ते कळून करावी.

पुराचं बोलल्याशिवाय कोल्हापूरचा माणूस हायवेवर बोलूच शकत नाही. २००५, २०१९, २०२१. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली जाऊन वाहतूक दिवसच्या दिवस बंद, दोन्ही बाजूला ट्रकच्या रांगा, दूध अडकलं, गॅस अडकला. भराव टाकून रस्ता उंच केला की रस्ता वाचतो पण पाणी कुठं जाणार, पंचगंगेचं पाणी तिथंच तटून मागं शहरात आणि शिंगणापूर, चिखली, आंबेवाडीकडं फुगणार असं इथला शेंबडा पोरगा पण सांगेल. आता आधीच एक हायवे, एक रत्नागिरी-नागपूर, आणि त्यात शक्तिपीठ पहिल्या आखणीप्रमाणं पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा ह्यांच्या पट्ट्यातनं आडवा जाणार. मग पुराच्या पातळीचा अभ्यास कुठं आहे, भराव किती किलोमीटर आणि पिलरवर किती, मोऱ्या किती आणि केवढ्या, हे डीपीआरमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या सविस्तर अहवालात, लिहिलेलं असतं, ते मराठीत गावात लावा ना. ज्याची एक गुंठाही जमीन जात नाही त्या शाहूपुरीच्या माणसाचा पण ह्यात संबंध आहे, कारण पाणी त्याच्या दुकानात येणार. हा विषय फक्त शेतकऱ्यांचा म्हणून शहरानं हात झटकलेत, ते बरोबर नाही.

एक लांबचं उदाहरण देतो, वाचलं तेव्हा मजा वाटली. अमेरिकेत टेक्सास राज्यात २००२ मध्ये तिथल्या गव्हर्नरनं असाच एक अवाढव्य टोल कॉरिडॉर जाहीर केला होता, रस्ते, रेल्वे, पाइपलाइन सगळं एकत्र, काही ठिकाणी रुंदी १२०० फूट धरलेली, आणि शेतकऱ्यांच्या जमिनी सक्तीनं घेऊन खासगी कंपनीला टोलला द्यायच्या. तिथल्या चार छोट्या गावांनी, आपल्या शिये-भुयेसारख्या, कायद्याच्या पुस्तकात एक कलम शोधलं, की शेजारच्या गावांनी मिळून नियोजनाचा आयोग केला तर सरकारी खात्याला त्यांच्याशी चर्चा करावी लागते. २००७ मध्ये त्यांनी तो आयोग काढला, शाळांच्या बोर्डातली माणसं घेतली, आणि महामार्ग खात्याला बैठकीला बोलावून पूर, शाळेच्या बसचे रस्ते, विहिरी ह्याच्यावर एकेक प्रश्न लेखी विचारत बसले. विरोध तर राज्यभर होताच, त्यात हेही एक, आणि २००९ मध्ये खात्यानं माघार घेतली, २०११ मध्ये कायद्यातनंच प्रकल्प काढून टाकला. आपल्या ग्रामपंचायतींना तसं कलम नाही हे मला माहीत आहे. पण पाच गावांच्या सरपंचांनी, पाणी संस्थांच्या चेअरमननी एकत्र बसून एकच लेखी प्रश्नांची यादी द्यायला कुठल्या कलमाची गरज लागते? इलेक्शनला पॅनेल बांधायला पाच गावं एका रात्रीत एकत्र येतात की.

माहिती अधिकाराचं सगळ्यांना माहीत आहे असं आपण धरून चालतो, पण वापरताना लोक चुकतात. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवायचा, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. अख्ख्या प्रकल्पाची सगळी माहिती द्या म्हटलं की उत्तर येतं, माहिती विस्तृत स्वरूपाची आहे. त्यामुळं एक अर्ज कराराच्या प्रतीचा, एक ट्रॅफिक सर्व्हेचा, एक कंपनीनं दिलेल्या हिशोबाचा, असं तोडून टाकायचं, आणि फाइल प्रत्यक्ष बघायला मागायची. व्यावसायिक गोपनीयता म्हणून नाकारलं तर त्याच कलमात लिहिलंय की जनहित मोठं असेल तर द्यावी लागते, वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील. शहराला गोल नाके घालणारा करार जनहिताचा नसेल तर मग कसला. केंद्रानं तर २०१३ मध्येच सूचना काढल्यात की खासगी भागीदारीच्या प्रकल्पांचे कागद आपणहून जाहीर करा. माझ्या ओळखीतल्या एकांनी एका ऑफिसात फाइल बघायला मागितली तर त्यांना चहा दिला आणि विचारलं, तुम्ही कुठल्या पक्षाचे? पक्षाचा नसलेला माणूस करार वाचायला आलाय ह्यावर तिथं कुणाचा विश्वासच बसेना.

मधली पाच वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. सगळे निर्णय एका सहीवर. प्रशासक चांगले-वाईट असतील, तो मुद्दा नाही, पण विषयपत्रिका नाही, सभागृह नाही, विरोधी पक्षाचा आरडाओरडा नाही, म्हणजे पेपरवाल्यांना पण बातमी कुठनं कळणार. ह्या काळात कुठली जागा कुणाला किती वर्षांच्या भाड्यानं दिली, कुठलं काम कुठल्या अटीवर दिलं, ह्याची एकदा यादी सभागृहापुढं मागितली पाहिजे. आपापल्या नगरसेवकाला गाठा आणि गटारीबरोबर हेही विचारा. गटार पण विचारा, ते सोडू नका.

आणि आता तर कोर्ट पण दारात आलंय. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं भाऊसिंगजी रोडला सुरू झालं. त्यासाठी वकिलांनी आणि आपण चाळीसेक वर्षं भांडलो. आधी याचिका म्हणजे रात्रीची गाडी पकडून मुंबई, तारीख पडली की परत. आता शिरोळचा शेतकरी सकाळी दूध घालून अकराला कोर्टात उभा राहू शकतो. पण कोर्ट कागद विचारतं. हरकत कधी दिली, पोच कुठं आहे, सुनावणीला काय म्हणालात. तिथं आमचा मोर्चा किती मोठा होता हे सांगून उपयोग नाही.

ह्याच्यावर लगेच कुणी तरी लिहिणार, की तुम्ही विकासाला आडवे येताय. अहो, मला रस्ता पाहिजे. गगनबावड्याचा घाट पावसाळ्यात बघा, आंबा घाटाकडं जाताना बघा, रस्ते पाहिजेतच. पण घर बांधताना आपण काँट्रॅक्टरला विचारतो ना की सिमेंट कुठलं, स्टील किती एमएमचं, पैसे कुठल्या टप्प्याला, मग हितं विचारलं की विकासविरोधी कसे होतो? आणि दुसऱ्या बाजूला आपल्यातले काही आहेत जे प्रत्येक गोष्टीला आधी विरोध आणि मग सेटलमेंट, त्यांच्यामुळं खऱ्या माणसाची हरकत पण संशयानं बघितली जाते. दोन्हीकडचा हा धंदा कागद उघडे असले की आपोआप कमी होतो.

आता तुमच्याकडं मागणं. भूसंपादनाच्या, लीजच्या, निविदांच्या जाहीर नोटिसा तुमच्याच पेपरात येतात, शेवटच्या पानांवर, मुंगीएवढ्या अक्षरात, गट नंबरांचा नुसता ढीग, कोर्टाच्या समन्सच्या आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या मध्ये. कायद्यानं पेपरात द्यायची म्हणून दिलेली असते, कुणी वाचावी म्हणून नाही. तुम्हाला जाहिरातीचे पैसे मिळतात, ठीक आहे, तो तुमचा व्यवसाय. पण त्याच दिवशी जिल्हा पानावर एक चौकट टाका, गावाचं नाव ठळक, कुठल्या कामासाठी जमीन, कुठल्या कायद्याखाली, हरकतीची शेवटची तारीख आणि हरकत कुठल्या ऑफिसात द्यायची. पाच ओळी. शुक्रवारी महिनाभरातल्या सगळ्या तारखा एकत्र. तुमचे तालुका वार्ताहर प्रांत ऑफिसात रोज जातातच, त्यांना तिथल्या बोर्डावरचा कागद मोबाइलवर टिपून आणायला सांगा. चौकट सुरू करणार असाल तर शिरोळ आणि कागलपासनं करा, तिथं आत्ता गरज आहे, आणि गावाच्या नावात चूक करू नका, कागलमध्ये पण आणि करवीरमध्ये पण एका नावाची गावं सापडतात.

आपला,
एक नियमित वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर